टोलच्या नफ्याखालचा छेद : राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : लेखा मानक मंडळ, भारतीय सनदी लेखापाल संस्था

विषय : टोल रस्त्यांच्या अमूर्त मालमत्तेचे अमॉर्टायझेशन ज्या महसुली अंदाजावर ठरते, तो अंदाज वार्षिक अहवालात छापणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

"साहेब, गाड्या तर कमी झाल्यात. मग नफा वाढला कसा?"

हा प्रश्न मला एका टोल नाक्यावरच्या शिफ्ट सुपरवायझरने विचारला होता. मी त्या कंपनीच्या हिशेबखात्यात होतो. महिन्यातून एकदा नाक्यावर जाऊन रोकड, पासांची पुस्तके आणि बँकेत भरलेल्या चलनांचा मेळ घालत असे. हा माणूस रात्रपाळीचे सगळे बूथ सांभाळायचा. कुठल्या वारी उसाच्या ट्रॉल्या वाढतात, कुठल्या आठवड्यात कंटेनर कमी होतात, हे त्याला कागद न बघता सांगता येई. पगारातून थोडे थोडे बाजूला टाकून त्याने आमच्याच मूळ कंपनीचे शेअर घेतले होते. वार्षिक निकालाची बातमी त्याने मोबाइलवर वाचली होती आणि ती त्याला पटत नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोरून त्या वर्षी ट्रक कमी गेले होते.

मी त्याला म्हणालो, "अंदाज बदलला." तो म्हणाला, "कुणाचा?"

त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. आता निवृत्त झालो आहे, आणि ते उत्तर आपल्यासमोर मांडण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. कायद्याने लेखा मानकांविषयी केंद्र सरकारला शिफारस करण्याचा अधिकार आपल्याला दिला आहे. ही दुरुस्ती व्हायची असेल तर ती आपल्याच दारातून होईल. पत्र मराठीत आहे, कारण टोलवर सर्वांत जास्त बोलणारे, भांडणारे आणि टोल कंपन्यांचे शेअर व युनिट बाळगणारेही असंख्य लोक मराठीत वाचतात. ताळेबंदाच्या टिपांत काय दडलेले असते, ते त्यांनाही कळायला हवे.

त्यांच्यासाठी थोडे मुळापासून सांगतो. 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने कंपनी रस्ता बांधते तेव्हा रस्ता तिचा होत नाही. जमीन सरकारची, रस्ताही सरकारचा. कंपनीच्या पदरी पडतो तो ठरलेल्या वर्षांपुरता टोल घेण्याचा हक्क. हा हक्क हाताला लागत नाही, म्हणून ताळेबंदात तो अमूर्त मालमत्ता म्हणून बसतो. इमारतीला, यंत्राला घसारा लावतात तसे या हक्काची किंमत त्याच्या आयुष्यावर वाटून दरवर्षी खर्ची टाकायची असते. हेच अमॉर्टायझेशन. कोकणात व्यापारी आंब्याची बाग पाच वर्षांच्या कराराने घेतो आणि मालकाला पाच लाख आधीच मोजतो. पहिला हंगाम संपला की त्याच्या मनात हिशेब सरळ असतो : पाचातले एक वर्ष गेले, लाखभर रुपये वसूल व्हायलाच हवे होते. मोहोर गळाला म्हणून तो लाख कमी होत नाही.

टोलच्या बाबतीत आपल्याकडे वेगळी वाट काढली गेली. एप्रिल २०१२ मध्ये जुन्या कंपनी कायद्याच्या चौदाव्या परिशिष्टात बदल झाला आणि पुढे २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात तीच तरतूद आली. सूत्र असे : रस्त्याचा खर्च गुणिले या वर्षीचा टोल, भागिले संपूर्ण मुदतीतला अंदाजित टोल. कायद्यानेच उदाहरण दिले आहे. खर्च ५०० कोटी, मुदत २० वर्षे, त्यातली २ बांधकामात गेली, उरली १८. या १८ वर्षांत ६०० कोटी टोल जमेल असा अंदाज. पहिल्या वर्षी प्रत्यक्षात ५ कोटी आले. मग पहिल्या वर्षाचे अमॉर्टायझेशन सुमारे ४.१६ कोटी, म्हणजे खर्चाच्या ०.८३ टक्के.

हेच ५०० कोटी १८ वर्षांवर सारखे वाटले तर दरवर्षी २७.७७ कोटी होतात. एका पद्धतीत पहिल्या वर्षी ५ कोटींच्या टोलमधून ८४ लाख उरलेले दिसतात. दुसऱ्या पद्धतीत जवळपास पावणेतेवीस कोटींचा खड्डा दिसतो. देखभाल आणि व्याज मी धरलेलेच नाही.

या तरतुदीमागची अडचण मला माहीत आहे, कारण ती मी भोगली आहे. नव्या रस्त्यावर सुरुवातीला वाहने कमी असतात. ट्रकवाले जुनी वाट सोडायला दोन-तीन वर्षे घेतात. समान वाटणी केली तर पहिली काही वर्षे तोटा दिसतो, नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) खंगते, बँकेचे करार मोडल्यासारखे होतात आणि रस्ता धडधाकट असताना कंपनी आजारी दिसते. तेव्हा वाहतुकीच्या प्रमाणात खर्च टाकावा, हे म्हणणे मी खोटे मानत नाही. माझा आक्षेप त्या भागाकाराच्या छेदावर आहे. शाळेत आपण अंश आणि छेद शिकलो. इथे अंश दिसतो, तपासता येतो, बँकेच्या खात्याशी जुळवता येतो. छेद मात्र भविष्यातला असतो. तो कंपनीच्या संगणकात राहतो आणि भागधारकाला कधीच दिसत नाही.

हा छेद कुठून येतो ते मी जवळून पाहिले आहे. रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीशेजारी सात दिवस, चोवीस तास वाहनगणना होते. आमच्या वेळी ती तंत्रनिकेतनची मुले करत. मांडीवर पुठ्ठा, त्यावर छापील तक्ता : कार, मिनी बस, एलसीव्ही (हलकी मालवाहू वाहने), दोन ॲक्सल, तीन ॲक्सल, मल्टी-ॲक्सल. एक वाहन गेले की एक उभी रेघ, पाचवी आडवी. तिसऱ्या रात्री पाऊस आला. पहाटे तीनच्या सुमारास मी तिथे पोहोचलो, तेव्हा एक मुलगा टपरीच्या पत्र्याखाली ओला तक्ता कोरड्या तक्त्यावर उतरवून काढत होता. दोन रकाने त्याला वाचता येत नव्हते, म्हणून त्याने तिथे आदल्या रात्रीचे आकडे घातले. त्याला मी दोष देत नाही, तो चौदा तास जागा होता. पण त्याच रेघा पुढे सल्लागाराकडे जातात. त्यांना हंगामाचा गुणक लागतो, राज्याच्या विकासदराचा गुणक लागतो, आणि मग पंचवीस वर्षांचा तक्ता तयार होतो. तो तक्ता मुळात बँकेला कर्जासाठी दाखवायचा असतो. कर्ज मिळते, रस्ता होतो आणि तोच तक्ता नंतर नफा ठरवू लागतो.

आता त्या सुपरवायझरच्या प्रश्नाकडे येतो. आकडे समजण्यापुरते घेतो.

वर्षाच्या सुरुवातीला न फिटलेला खर्च ४०० कोटी आणि त्या वर्षापासून मुदत संपेपर्यंतचा अंदाजित टोल ५०० कोटी आहे असे धरा. म्हणजे जमा होणाऱ्या प्रत्येक रुपयामागे ८० पैसे खर्ची पडणार. आदल्या वर्षी याच दराने ३० कोटी टोलवर २४ कोटी खर्च पडला होता, ६ कोटी उरले होते. या वर्षी वाहने घटली, टोल २८ कोटी आला. ८० पैशांनीच चाललो असतो तर ५ कोटी ६० लाख उरले असते. पण अंदाज ५०० वरून ६०० कोटी केला की रुपयामागचे ८० पैसे ६६.६७ पैशांवर येतात. खर्च होतो १८ कोटी ६७ लाख आणि उरतात ९ कोटी ३३ लाख. टोल दोन कोटींनी घटला, उरलेली रक्कम मात्र दीडपटीहून अधिक झाली. रस्त्यावरून एकही जादा ट्रक गेलेला नाही.

आमच्याकडे हे एप्रिलमधल्या एका रात्री झाले. बँकेची मुदत दोन दिवसांवर होती. सल्लागाराच्या पत्रात वाढीचा दर 'पाच ते सात टक्के' असा लिहिला होता. आमच्या तक्त्यात पाच होता. वरून निरोप आला, साडेसहा धरा, पत्राच्या मर्यादेतच आहे. मी त्या एका चौकटीत ६.५ टाइप केले. सगळ्यात खालच्या ओळीत करपूर्व नफ्याचा आकडा कंसात होता, कारण आमच्याकडे तोटा कंसात लिहितात. तो कंस माझ्या डोळ्यांसमोर निघून गेला. खोलीतले कुणी खोटे बोलले नव्हते. पत्र खरे होते, मर्यादा खरी होती, सूत्र कायद्यातले होते. वार्षिक अहवालात मात्र त्याची नोंद अशी आली : 'व्यवस्थापनाने वाहतुकीच्या अंदाजाचा पुनर्विचार केला आहे.' किती होता, किती झाला, का झाला, नफ्यावर किती परिणाम झाला, यांतले काहीच त्या ओळीत नव्हते. मसुदा मी लिहिला होता. तो बदलावा असे मी म्हणायला हवे होते. मी म्हणालो नाही.

काही वर्षांनी समांतर दुसरा रस्ता सुरू झाला. जड वाहने तिकडे वळली, आणि ज्या अंदाजावर आम्ही कंस पुसला होता तो अंदाज एका वर्षात कोसळला. इम्पेअरमेंटचा, म्हणजे मालमत्तेची किंमत घसरली म्हणून खर्ची टाकायचा, मोठा आकडा एकदम नफा-तोटा पत्रकात आला. तोवर आधीच्या 'नफ्या'तून लाभांश वाटला गेला होता. कायद्याने लाभांश परिशिष्टानुसार घसारा वजा केल्यावर उरलेल्या नफ्यातूनच द्यायचा असतो. म्हणून वजावट लहान केली की वाटायचे ताट मोठे होते. सुपरवायझरचे शेअर तेव्हा निम्म्याखाली होते.

आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने मे २०१४ मध्ये आयएएस ३८ या अमूर्त मालमत्तेविषयीच्या मानकात दुरुस्ती केली आणि महसुलाच्या आधाराने अमॉर्टायझेशन करणे सर्वसाधारणपणे अयोग्य आहे असे गृहीतक घातले. ते खोडून काढायची मुभा आहे, पण अगदी मोजक्या परिस्थितीत. उदाहरणार्थ, करारातच मुदत वर्षांत न मोजता 'एकूण इतका टोल जमेपर्यंत' अशी मोजली असेल तर. कारण साधे आहे. महसुलात भाव असतो, महागाई असते, विक्रीची खटपट असते. मालमत्ता किती वापरली गेली याच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यावर बेतलेल्या आपल्या भारतीय मानकात, म्हणजे इंड एएस ३८ मध्येही हे गृहीतक आले. मात्र टोल रस्त्यांसाठी एक दार उघडे ठेवले गेले. इंड एएस १०१ (ही मानके पहिल्यांदा लागू करतानाचे मानक) च्या परिशिष्ट डी मधील परिच्छेद डी२२ आणि इंड एएस ३८ चा परिच्छेद ७एए यांच्यानुसार, इंड एएस लागू होण्याआधीच्या वर्षात जे टोल रस्ते पुस्तकात होते त्यांना जुनी पद्धत चालू ठेवता येते. पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे ५०० कोटी किंवा अधिक नेटवर्थच्या कंपन्यांसाठी ती रेषा ३१ मार्च २०१६ ची.

परिणाम असा की एकाच समूहाचे दोन रस्ते एकाच जिल्ह्यातून जातात, त्यांवरून तेच ट्रक धावतात, पण रेषेच्या अलीकडच्या रस्त्याला एक नियम आणि पलीकडच्याला दुसरा. अहवाल हातात घेणाऱ्या सामान्य माणसाला हे कळण्याची सोय नाही. टोलहक्काच्या मुदती २० ते ३० वर्षांच्या असतात, त्यामुळे 'तात्पुरती' म्हणून दिलेली ही सूट पुढच्या दशकातही कित्येक ताळेबंदांत जिवंत राहणार आहे.

महागाईचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो चर्चेत येतच नाही. राष्ट्रीय महामार्गांवरचे टोल दर २००८ च्या शुल्क नियमांनुसार दरवर्षी ३ टक्के अधिक घाऊक किंमत निर्देशांकातील वाढीच्या ४० टक्के इतके वाढतात. निर्देशांक सोडून द्या, नुसते ३ टक्के धरा. अठराव्या वर्षी दर पहिल्या वर्षाच्या सुमारे १.६५ पट होतो. याचा अर्थ, पहिल्या वर्षी नाक्यावरून गेलेल्या ट्रकवर रस्त्याच्या खर्चाचा जेवढा वाटा पडतो, त्याच्या दीडपटीहून जास्त वाटा अठराव्या वर्षी गेलेल्या तशाच ट्रकवर पडतो. डांबर तेच आणि हक्कही तोच, वाढला तो फक्त पावतीवरचा आकडा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तर दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढीची रचना आहे. कारचा टोल १ एप्रिल २०२३ ला २७० वरून ३२० रुपये झाला. अशा चार वाढी झाल्या की दर जवळजवळ दुप्पट होतो. महसूल हा छेद असेल तर खर्चाचे ओझे आपोआप मुदतीच्या शेपटाकडे सरकते, आणि शेपटाकडेच धोका सर्वांत जास्त असतो.

रस्ता बंद असतो तेव्हा या सूत्राचे काय होते तेही पाहा. नोटाबंदीत ९ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०१६ राष्ट्रीय महामार्गांवर टोल थांबवला होता. टाळेबंदीत मार्च २०२० च्या अखेरीपासून १९ एप्रिलपर्यंत पुन्हा थांबला. दोन्ही वेळा मी नाक्यावर होतो. बूथचे दिवे चालू, अडसर वर, गाड्या न थांबता सुटत होत्या. करारातले दिवस एकेक करून जात होते. भरपाई म्हणून मुदत किती वाढणार हे नंतर ठरायचे होते. पण महसूल शून्य, म्हणून त्या दिवसांचे अमॉर्टायझेशनही शून्य.

सरकारी निर्णयांनी छेद कसा हलतो, हे महाराष्ट्राला सांगायला नको. ३१ मे २०१५ च्या मध्यरात्री राज्यातले १२ नाके बंद झाले आणि ५३ नाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या प्रवेशद्वारांवर हलकी वाहने टोलमुक्त झाली. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी ३,००० रुपयांचा २०० फेऱ्यांचा वार्षिक पास आला. सरकार भरपाई देते, कधी पैशात, कधी मुदतवाढीत. ती मिळेपर्यंत मधल्या वर्षांत छेदात काय धरले, हे भागधारकाला कुणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. याच रस्त्याचा याच वर्षाचा हिशेब प्राप्तिकर खात्यासमोर वेगळा असतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २०१४ च्या परिपत्रक क्रमांक ९ प्रमाणे बीओटी ('बांधा, वापरा, हस्तांतरित करा') रस्त्याचा खर्च बांधकामाचा काळ वगळून मुदतीवर समान वाटून वजावट घ्यायची आहे. काही कंपन्यांनी त्यावर समाधान न मानता, हा हक्क अमूर्त मालमत्ता आहे म्हणून २५ टक्के घसारा मागितला आणि २०१७ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या हैदराबादच्या विशेष खंडपीठाने तो मान्य केला. कायद्याने जे मिळते ते मागण्यात गैर नाही. पण करखात्याला सांगताना हक्क वर्षाला २५ टक्क्यांनी झिजतो आणि भागधारकाला सांगताना एक टक्काही झिजत नाही, या दोन विधानांमधले अंतर किमान एका टिपेत तरी समजावून सांगितले पाहिजे. स्थगित कराच्या (दोन हिशेबांतल्या फरकामुळे पुढे ढकललेल्या कराच्या) एका ओळीत ते गाडून चालणार नाही.

माझी मागणी मोठी नाही. जोवर एखादा रस्ता महसुली पद्धतीने लिहिला जातो, तोवर त्याचा छेद छापा. प्रत्येक रस्त्यासाठी एक तक्ता पुरे : उरलेल्या मुदतीचा गेल्या वर्षी धरलेला अंदाज, या वर्षी धरलेला अंदाज, चालू वर्षासाठी धरलेला टोल आणि प्रत्यक्ष आलेला टोल. त्याखाली दोन आकडे : अंदाज बदलला नसता तर अमॉर्टायझेशन किती झाले असते, आणि समान वाटणी केली असती तर किती. अंदाज कोणत्या तारखेच्या वाहनगणनेवर उभा आहे आणि तो स्वतंत्र सल्लागाराचा आहे की कंपनीचा, हेही तिथेच. मागच्या पाच वर्षांचे अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी ठेवले, तर सतत चढा अंदाज धरणारी कंपनी पहिल्याच नजरेत ओळखू येईल.

आपण म्हणाल, हे मानकात आहेच. इंड एएस १ अंदाजातली अनिश्चितता सांगायला लावते, इंड एएस ८ अंदाज बदलल्याचा परिणाम आकड्यात द्यायला लावते, आणि सूचिबद्ध कंपन्यांचे लेखापरीक्षक या अंदाजाचा उल्लेख लेखापरीक्षणाच्या प्रमुख बाबींत करू शकतात. हे सगळे आहे. पण मी स्वतः लिहिलेली ती एक ओळ याच तरतुदींखाली छापली गेली आणि कुणी अडवली नाही. नियम जिथे 'योग्य ती माहिती' म्हणतो, तिथे घाईतला हिशेबनीस कमीत कमी माहिती लिहितो. तक्ता ठरवून दिला तर तो भरावाच लागतो.

कंपन्या म्हणतील, वाहतुकीचा अंदाज हे व्यापारी गुपित आहे. हे म्हणणे टिकत नाही. निविदा केव्हाच संपलेली असते आणि त्याच रस्त्यावर दुसरा कुणी टोल लावणार नसतो. राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श सवलत करारात, म्हणजे टोलहक्क देणाऱ्या नमुना करारात तर ठरलेल्या तारखेची 'लक्ष्य वाहतूक' लिहिलेलीच असते. प्रत्यक्ष वाहतूक तिच्यापेक्षा अडीच टक्क्यांहून अधिक कमी निघाली तर प्रत्येक टक्का तुटीमागे मुदत दीड टक्का वाढते, २० टक्क्यांपर्यंत. जास्त निघाली तर प्रत्येक टक्क्यामागे पाऊण टक्का घटते, १० टक्क्यांपर्यंत. म्हणजे छेदाचा एक मोठा धागा सार्वजनिक करारात आहे. सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार इन्व्हिटला (लोकांना युनिट देऊन रस्त्यांसारख्या प्रकल्पांत पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टला) दरवर्षी स्वतंत्र मूल्यांकन करून ते युनिटधारकांसमोर ठेवावे लागते. इन्व्हिटच्या युनिटधारकाला जे मिळते, ते कंपनीच्या भागधारकाला मिळायला हरकत कशाला?

याच्या पुढे जायची तयारी असेल तर माझी दुसरी सूचना आहे. वाटणी वाहतुकीच्या प्रमाणातच करायची असेल तर ती रुपयांऐवजी वाहनांवर करा. मानकात उत्पादन-एककांची, म्हणजे जेवढा वापर तेवढा खर्च टाकण्याची पद्धत आहेच. पूर्वी लोक म्हणत, वाहनांचा भरवसा कुणी द्यायचा? आता फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. कुठल्या नाक्यावरून कुठल्या वर्गाची किती वाहने गेली हे सेकंदासह नोंदले जाते. कारला एक, मल्टी-ॲक्सलला तिच्या भाराप्रमाणे अधिक, असे वजन देऊन एकक काढता येते, वाहतुकीचे अभियंते ते रोज काढतात. त्यातून महागाई गळून पडेल, वार्षिक पासामुळे पावती लहान झाली तरी झीज लहान होणार नाही, आणि सुरुवातीच्या वर्षांत कमी वाहतुकीचा न्यायही मिळेल. छेदात अंदाज तेव्हाही राहील. म्हणून तक्ता तेव्हाही लागेल. परिच्छेद ७एए ची सूट एका ठरावीक तारखेपासून पुढच्या वर्षांसाठी बंद करून उरलेल्या रकमेला ही पद्धत लावता येईल. मागचे हिशेब उकरायची गरज नाही.

महाराष्ट्रात टोलवरून रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी हाच प्रश्न विचारला होता, फक्त त्यांचे शब्द वेगळे होते. कोल्हापुरात प्रा. एन. डी. पाटील आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्यासोबत हजारो माणसे चालली. मुंबई-पुणे मार्गाचा टोलहक्क २००४ साली १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन दिला गेला होता, आणि त्या मुदतीच्या शेवटच्या वर्षांत लोक माहिती अधिकारात आकडे मागवून विचारत होते : किती वसूल झाले, किती राहिले? 'किती झाले' हा अंश आहे, 'किती राहिले' हा छेद. वाहनचालक, भागधारक, बँक आणि सरकार या चौघांनाही तोच आकडा हवा आहे, आणि आज तो चौघांपैकी दोघांकडेच असतो.

त्या सुपरवायझरचा परवा फोन आला होता. नाका आता सरकारकडे परत गेला आहे, तो दुसऱ्या रस्त्यावर कामाला आहे. मी त्याला सांगितले की अंदाज आमचा होता, चौकटीत आकडा मी घातला होता, आणि हे मी आपल्याला लिहितो आहे. तो म्हणाला, "लिहा साहेब. आणि तक्ता सोप्या भाषेत असू दे म्हणावं."

आपण या विषयावर मसुदा काढून हरकती मागवाव्यात, ही विनंती. माझ्या तक्त्याचा नमुना मी वेगळ्या टपालाने पाठवत आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेबनीस,
सातारा